पाचशे मीटरचे रिंगण

गावाच्या पूर्वेला टेकडी आहे, टेकडीवर मारुतीचे देऊळ आहे, आणि त्या देवळाच्या ओट्यापासून शाळेमागच्या शेतातल्या विहिरीपर्यंतचे अंतर किती भरते, हे ठाऊक करून घेण्याची गरज गावात आजवर कोणालाही पडली नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमध्ये आमच्या हौशी रेडिओ क्लबच्या आम्ही पाच जणांनी ते मोजले. पावसाने उघडीप दिली होती, धुऱ्यावरचे गवत कमरेइतके वाढले होते, आणि तीस मीटरची टेप लावत, काडी रोवत, पुन्हा टेप उचलत आम्ही टेकडीवर पोहोचलो तेव्हा दोघांच्या पायांवर काट्यांचे ओरखडे उठले होते. अंतर भरले ६४० मीटर. मोबाइलवरच्या नकाशानेही थोड्याफार फरकाने तेच सांगितले.

आम्हाला एक रेडिओ विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत आणि दुसरा टेकडीवर ठेवायचा होता, कारण १० आणि १५ मीटरच्या बँडवर, म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर, मोकळ्या उंच जागेचा फायदा फार मोठा असतो. परंतु ज्या स्पर्धेसाठी ही तयारी चालली होती, तिच्या नियमानुसार एका संघाचे सर्व ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या एकाच वर्तुळात असले पाहिजेत. आमची टेकडी त्या वर्तुळाबाहेर एकशे चाळीस मीटरवर उभी होती.

“एकशे चाळीस मीटरनं काय होते सर? अमेरिकेतून कोण मोजाले येऊन रायलं?” असे आमच्यातल्या एकाने विचारले. हा मुलगा पंपांच्या मोटारींचे वायंडिंग करतो, क्लबची सगळी जोडणी त्याच्या हातची आहे, आणि टेकडीची कल्पनाही त्याचीच होती. त्याच्या प्रश्नात खोटेपणा नव्हता, त्याला खरोखरच कारण हवे होते. मी त्या दिवशी केवळ “टेकडीवर ठेवायचा नाही” एवढेच म्हणालो. कारण सांगता आले नाही, आणि ते न सांगता आल्याची रुखरुख मला पुढे बरेच दिवस लागून राहिली.

रेडिओवरून दूरदूरच्या माणसांशी बोलण्याचा हा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हौशी रेडिओचा परवाना आपल्याकडे केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन देतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. विद्युतशास्त्राची मूलतत्त्वे आणि नियम यांचे प्रश्न असतात, आणि वरच्या श्रेणीचा परवाना हवा असल्यास मोर्स लिपीही यावी लागते. परवाना मिळाला की ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे एक संबोधन, म्हणजे हवेतले आपले नाव, मिळते, आणि जगात त्या संबोधनाचा दुसरा माणूस नसतो. या परवान्यावर व्यापार करता येत नाही, गाणी वाजवता येत नाहीत, सांकेतिक भाषेत बोलता येत नाही. बोलायचे ते उघड, आणि बोललेल्याची नोंद वहीत ठेवायची. आमच्या क्लबात अकरा जण आहेत, त्यांपैकी सहा परवानाधारक. उरलेले पाच जण परवाना नसल्याने माइकला हात लावत नाहीत, मात्र खांब उभारणे, बॅटऱ्या वाहणे आणि नोंदी ठेवणे या कामांत ते कोणापेक्षा मागे नाहीत.

स्पर्धा म्हणजे अमेरिकेतून चालवली जाणारी सीक्यू वर्ल्डवाइड डीएक्स कॉन्टेस्ट. बोलण्याची फेरी ऑक्टोबरच्या आणि मोर्सची फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होते. जागतिक वेळेनुसार शनिवारी शून्य वाजता सुरुवात, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच ते सोमवारी पहाटे साडेपाच, असे ४८ तास. आमच्याकडे हे दिवस सोयाबीन काढून झाल्याचे, कापसाच्या पहिल्या वेचणीचे आणि दिवाळीच्या आगेमागेचे असतात, त्यामुळे माणसे गोळा करणे हीच पहिली परीक्षा ठरते. एकमेकांना द्यायची माहिती अगदी थोडी असते: आपले संबोधन, आवाज कसा येतो याचे आकडे, आणि स्पर्धेसाठी जगाचे जे विभाग पाडले आहेत त्यांतला आपला विभाग. भारताचा विभाग २२. आवाज कितीही क्षीण असला तरी स्पर्धेत सर्वजण ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे अगदी स्पष्ट, असेच म्हणतात, आणि विभाग तर संबोधनावरूनच बहुधा ओळखता येतो. म्हणजे या सगळ्या देवाणघेवाणीत खरोखर कान देऊन मिळवण्याची गोष्ट एकच उरते, ती म्हणजे समोरच्याचे नाव. ते चुकले की सगळेच चुकले.

गुणांचा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो, कारण त्यातूनच मोह कुठून येतो ते कळते. दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलणे झाले की ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झाले की १, स्वदेशातल्याशी झाले तर शून्य. या गुणांच्या बेरजेला गुणायचे ते प्रत्येक बँडवर मिळालेल्या वेगवेगळ्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने. समजा आमच्यासारख्या लहान क्लबचे ९०० गुण झाले आहेत आणि गुणक १०० आहेत, तर एकूण ९०,००० झाले. आता एखादे दूरचे बेट मिळाले, जे नवा देशही आहे आणि नवा विभागही, तर ९०३ गुणिले १०२, म्हणजे ९२,१०६. एका नोंदीने २,१०६ गुण वाढले. शेजारच्या आशियाई देशाशी झालेल्या साध्या बोलण्याने शंभरच वाढले असते.

वर्षभर लोड शेडिंगला आम्ही नावे ठेवतो. स्पर्धेच्या रात्री मात्र ते व्हावे असे मनात येते, कारण वीज गेली की शिवारातले सगळे स्टार्टर, स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर एकदम गप्प होतात. रेडिओच्या मीटरचा काटा खाली येतो, आणि इतका वेळ घरघरीखाली दबलेले आवाज एकेक करून वर येतात, जसा पहाटे गिरणी बंद झाल्यावर काकड्याचा सूर ऐकू यावा. आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर असतो, आमचे काही अडत नाही. शहरातल्या कोणत्याही क्लबला ही शांतता विकत घेता येणार नाही.

अँटेनाही शिवारातलीच. ४० मीटरच्या बँडसाठी तारेच्या दोन भुजा प्रत्येकी सुमारे १० मीटरच्या लागतात आणि मध्य जितका उंच तितका चांगला. विहिरीजवळचा कडुनिंब चांगला पंचेचाळीस फूट आहे. त्यावर दोरी टाकायची कशी, यावर आमची तासभर चर्चा चालली होती, तेव्हा ज्वारीची राखण करून आयुष्य गेलेले एक म्हातारे बाबा धुऱ्यावरून आले, त्यांनी कमरेची गोफण सोडली, गोट्याला नायलॉनची बारीक दोरी बांधली, गोफण दोनदा डोक्यावर फिरवली आणि गोटा नेमका वरच्या दुबेळक्यातून पलीकडे पाठवला. दोरी झाडाच्या मागे सरसर उतरत गेली. “अजून कुठं टाकाची हाय?” एवढेच त्यांनी विचारले.

संघ म्हणजे कोण, हा प्रश्न अंतराच्या प्रश्नाइतकाच अवघड आहे. नागपूरचे एक अनुभवी हौशी चालक आमच्याकडे येऊन दोन रात्री बसायला तयार होते. त्यांच्या येण्याने आमचे गुण कितीतरी वाढले असते. पण ते दुसऱ्या क्लबचे सभासद. या बाबतीतला नियम मला फार न्याय्य वाटतो: अनेक चालकांनी मिळून एका ठिकाणाहून केलेल्या गुणांची क्लबांमध्ये वाटणी करायची तर ती कोणत्या क्लबचे किती चालक बसले त्या प्रमाणात होते. सहांत एक पाहुणा असेल तर सहावा हिस्सा त्याच्या क्लबचा. पाहुण्याला मज्जाव नाही, मात्र त्याचे कष्ट आपल्या नावावर मिरवताही येत नाहीत. आमच्या भागात खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. तिथे मंडळ गावाचे आणि गळा परगावचा, असे झाले की निकालानंतर पारावर जी धुसफूस होते, ती मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या गायकाला कोणी वाईट म्हणत नाही. पण त्याचा वाटा कुठे मोजायचा हे आधी ठरलेले नसते, आणि खरी बोच तीच असते.

अमेरिकेतल्या रेडिओ संघटनेच्या, म्हणजे एआरआरएलच्या, क्लबांमधल्या चढाओढीत हीच गोष्ट भूगोलाने बांधली आहे. लहान, स्थानिक क्लबसाठी ३५ मैल त्रिज्येचे वर्तुळ आणि अधिकात अधिक दहा नोंदवह्या, तर मोठ्या क्लबांसाठी १७५ मैल त्रिज्येचे. ते नियम तिथल्या क्लबांचे, आम्हाला लागू नाहीत. तरीही मी एका संध्याकाळी विदर्भाच्या नकाशावर कंपास ठेवून ती वर्तुळे काढली. वर्ध्यावर टोक रोवून ३५ मैलांचे, म्हणजे ५६ किलोमीटरचे वर्तुळ काढले तर आर्वी, पुलगाव, हिंगणघाट आत येतात, आणि नागपूर, यवतमाळ, अमरावती तिन्ही बाहेर राहतात. १७५ मैलांचे, म्हणजे सुमारे २८० किलोमीटरचे काढले तर पश्चिमेचे बुलढाणा आणि दक्षिणेचे सिरोंचा दोन्ही आत. पहिले वर्तुळ अशा माणसांचे आहे जी सांज पडेपर्यंत मोटारसायकलने एकमेकांच्या अँटेनाखाली पोहोचू शकतात. दुसऱ्यात एकमेकांना केवळ आवाजाने ओळखणारी माणसेही येतात. दोन्हींना क्लब म्हणता येईल, पण त्यांना एका तागडीत तोलू नये, हे ज्याने ठरवले त्याला खेड्यातल्या क्लबची जाण असली पाहिजे.

प्रत्यक्ष येऊन सर्व काही मोजले जाते अशीही एक स्पर्धा आहे. डब्ल्यूआरटीसी तिचे नाव, जागतिक रेडिओ-क्रीडा संघ स्पर्धा. पहिली १९९० साली अमेरिकेत सिअॅटलला झाली, २०१८ साली जर्मनीत आणि २०२३ साली इटलीत. संघ दोघांचा. प्रत्येक संघाला सारख्याच अँटेना, शक्य तितकी सारखी जमीन, आणि चोवीस तास. प्रत्येक ठिकाणी कानाला हेडफोन लावून एक पंच बसलेला असतो. संघाचे संबोधनही स्पर्धा सुरू होण्याच्या थोडेसे आधी बंद पाकिटातून मिळते, जेणेकरून नामांकित चालकाला त्याच्या मित्रांनी मुद्दाम शोधून गुण देऊ नयेत. हे वाचल्यावर मला आमच्या भागातला शंकरपट आठवला. तळेगाव दशासरच्या पटात बैलजोडी धावते ती घड्याळाविरुद्ध, सेकंदाच्या अंशासाठी, आणि दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी असते. तिथे कोणी रेघ ओलांडली तर हजार तोंडे ओरडतील. आमच्या मोटारीच्या खोलीत मात्र रात्री अडीच वाजता एक खुर्ची, एक माणूस, आणि भिंतीवर पाल एवढेच असते.

म्हणूनच एकशे चाळीस मीटरच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या खोलीतच शोधावे लागले. टेकडी आणि विहीर एकाच वर्तुळात नसतील, तर ती दोन ठिकाणे झाली, आणि दोन ठिकाणे म्हणजे दोन संघ. ज्याच्याकडे टेकडी नाही, ज्याला आपल्या अंगणातच तार बांधावी लागते, अशा कुठल्याशा क्लबशी आम्ही एकाच यादीत उभे राहणार होतो. तो क्लब कोणता, हे आम्हाला कधीही कळणार नव्हते. पण आमच्यावरच्या किंवा खालच्या क्रमांकावर तो असणारच होता.

आम्ही दोन ट्रान्समीटरच्या गटात उतरलो. या गटात एका वेळी दोन संदेश पाठवता येतात, मात्र ते वेगवेगळ्या बँडवर, आणि तासाभरात बँड किती वेळा बदलायचा यालाही मर्यादा असते. वरच्या नियमांखेरीज आमचे स्वतःचे काही नियम आम्ही हजेरीच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. त्यांतला एक मी हट्टाने घालून घेतला: सहाही परवानाधारकांना खुर्चीवर दोन-दोन तासांच्या पाळ्या मिळतील, आणि प्रत्येकाची किमान एक पाळी चांगल्या वेळेची असेल. चांगली वेळ म्हणजे संध्याकाळी युरोप उघडतो तेव्हाची, किंवा सकाळी उशिरा पॅसिफिककडून आवाज येतात तेव्हाची. जे सर्वांत तरबेज त्यांनाच ही वेळ द्यावी आणि नवख्यांनी पहाटेच्या सुन्या बँडवर बसावे, असा रिवाज अनेक ठिकाणी आहे, आणि गुण त्यानेच वाढतात हे मला मान्य आहे. तरीही तो मला पटत नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद अंदमानात गेल्या होत्या त्या हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी, जगभरच्या लोकांना अंदमानशी बोलण्याची संधी मिळावी म्हणून. २६ तारखेला सुनामी आली आणि त्याच रेडिओवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली. गर्दीच्या बँडवर एकावर एक आदळणाऱ्या आवाजांतून एक नाव अचूक टिपण्याची सवय त्या कामी आली असणार. ती सवय सुन्या बँडवर बसून लागत नाही.

तर रविवारी सकाळी साडेनऊची पाळी बारावीतल्या मुलीची होती. परवाना मिळून तिला चार महिने झाले होते. १५ मीटरच्या बँडवर पॅसिफिकमधल्या एका बेटाचा आवाज आला, लाटेसारखा चढत-उतरत. तिने आमचे संबोधन दिले, त्याने ते परत उच्चारले, आमच्यासाठी ‘फाइव्ह नाइन’ म्हटले, आणि त्याचे स्वतःचे संबोधन सांगताना आवाज खाली गेला. सुरुवातीची अक्षरे तिने टिपली. शेवटचे अक्षर गेले. तिने “अगेन?” म्हणून विचारले, तोवर तो पुढच्या माणसाकडे वळला होता.

मागे उभा असलेल्या आमच्या वायंडिंगवाल्याने मोबाइलवर क्लस्टर उघडले. कोण कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहे हे जगभरचे चालक तिथे एकमेकांना सांगत असतात, आणि आमच्या गटाला ते पाहण्याची मुभाही असते. “घे, हे पाहा, शेवटचं अक्षर हे हाय. लिहून टाक.” तिने लिहिले. नवा देश, नवा विभाग. खोलीत टाळ्या वाजल्या. मीही वाजवली.

सोमवारी संध्याकाळी ती माझ्या घरी आली. ओसरीत बसली नाही, दारातच उभी राहिली. “सर, मी ते अक्षर ऐकलं नव्हतं.” एवढे बोलून ती थांबली. तिच्या हातात कागद होता, त्यावर तिने नोंदीची वेळ मिनिटासह लिहून आणली होती.

स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांत नोंदवही पाठवायची असते. आम्ही त्याच रात्री मोटारीच्या खोलीत जमलो. वायंडिंगवाला म्हणाला की अक्षर बरोबरच होते, शंका असेल तर त्या माणसाला ईमेल करून आपण त्याच्या वहीत आहोत का ते विचारू. त्याच्या बोलण्यात तथ्य वाटत होते, म्हणून मी नियम काढून सर्वांसमोर वाचला. स्पर्धा संपल्यावर कोणतीही यादी पाहून, ध्वनिमुद्रण ऐकून, ईमेल करून किंवा अन्य मार्गाने नोंदी दुरुस्त करता येत नाहीत. जे त्या क्षणी हवेतून कानात आले तेवढेच आपले. चुकीचे नाव लिहिले असेल तर तपासणीत ती नोंद जातेच, वर दंडाचे गुणही कापले जातात. पण आमच्यापुढचा प्रश्न अक्षर बरोबर की चूक हा नव्हता, ते आम्हाला मिळाले होते की नाही हा होता, आणि त्याचे उत्तर केवळ त्या मुलीकडे होते. ते तिने दिले होते.

“मंग खोडून टाका,” कोणीतरी म्हणाले. तेही बरोबर नव्हते. आम्ही ती ओळ खोडली आणि त्या बेटावरच्या माणसाने मात्र आमचे नाव आपल्या वहीत लिहिलेले असले, तर तपासणाऱ्यांना त्याचा जोडीदार सापडणार नाही आणि दंड त्याला बसेल. त्याने तर आपले काम चोख केले होते, आमचे संबोधन स्पष्ट ऐकून परत उच्चारले होते. नोंदवहीच्या फाइलमध्ये प्रत्येक संपर्काची ओळ ‘क्यूएसओ’ या अक्षरांनी सुरू होते. नियम करणाऱ्यांनी अशा प्रसंगासाठी एक खूण ठेवली आहे: त्या ओळीपुढे ‘एक्स’ लिहायचा. ‘एक्स-क्यूएसओ’ असे झाले की त्या ओळीचे गुण आम्हाला मिळत नाहीत, पण ओळ जागेवर राहते आणि समोरच्याची नोंद तिच्याशी जुळवता येते. आपला हक्क सोडायचा, त्याचा राखायचा. इतक्या लहानशा खुणेत एवढा विचार कोणी करून ठेवला असेल, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. त्या मुलीनेच कीबोर्डवर बोट ठेवून तो ‘एक्स’ टाकला.

पुढे काही महिन्यांनी निकाल लागला. आमचा क्रमांक सांगण्यासारखा नव्हता. या स्पर्धेत सर्वांच्या नोंदवह्या नंतर जाहीर होतात, कोणीही कोणाचीही उघडून पाहू शकतो. मुलीने त्या बेटाची वही शोधून काढली आणि मोबाइल घेऊन मोटारीच्या खोलीत आली. वायंडिंगवाला तेव्हा स्टार्टर उघडून बसला होता, हात ऑइलने काळे. तिने पडदा त्याच्यापुढे धरला. त्या रविवारी, त्याच मिनिटाला, त्याच्या वहीत आमचे संबोधन होते, बरोबर लिहिलेले. आणि त्याचे शेवटचे अक्षरही तेच, जे क्लस्टरवर होते.

त्याने ते दोनदा वाचले. दोन हजार गुण आमचे होऊ शकले असते, असे तो म्हणेल असे मला वाटले होते.

“मंग त्याचे तर नाही ना कटले?” त्याने विचारले.

“नाही,” ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, आणि स्टार्टरचे झाकण उचलून स्क्रू शोधू लागला.